मागचा एक्सल बदलताना: गाडी तुटायचीच असेल, तर कुठे तुटावी?

(हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरावृत्ती कमी केली आहे, पण आकडे सगळे ठेवले आहेत. ऐकताना आकडे निसटतात, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं.)

मांजरीतून बोलतोय. मध्येच रेल्वेचा आवाज आला तर सांभाळून घ्या, रूळ जवळच आहेत.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून निघाला. त्यांच्याकडे जुनी कॉन्टेसा आहे. इंजिन मोठं केलंय, चिकट टायर घेतलेत, आणि अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’सारख्या ड्रॅग स्पर्धेत एकदा तरी उतरायचं त्यांच्या मनात आहे. प्रश्न एका ओळीचा: “मागचा एक्सल कोणता बसवू?”

थांबा. याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर मी स्वतः एकदा देऊन बसलोय. त्या उत्तराचा तुटका तुकडा आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. त्याची गोष्ट सांगतो, पण आधी एक्सल म्हणजे काय ते नीट बघू. नाहीतर गोष्ट कळायची नाही.

बैलगाडीचा आस आणि मोटारीचा एक्सल

ड्रॅग रेस म्हणजे काय, हे पुणे जिल्ह्यातल्या माणसाला समजवायला नको. बैलगाडा शर्यत बघितली असेल तर तत्त्व तेच: सरळ घाट, वळण नाही, आणि निकाल सेकंदांवर. मोटारींच्या ड्रॅगमध्ये अंतर असतं पाव मैल, म्हणजे साधारण 402 मीटर. उभ्या गाडीपासून सुरुवात. त्यामुळे सगळा मार सुटताना बसतो, आणि तो मागच्या चाकांवर.

आता उसाची बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. तिचा आस, काही जण कणा म्हणतात, फिरत नाही. तो फक्त वजन पेलतो, चाक त्याच्याभोवती फिरतं. ओढायचं काम बैलांचं. म्हणजे आसाला एकच काम.

मोटारीत इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून प्रॉपेलर शाफ्टने मागे येते. तिथे छोटा पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो. क्राऊनच्या पोटात डिफरन्शियल असतं. तिथून डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन एक्सल शाफ्ट चाकांपर्यंत जातात. हे सगळं ज्या लोखंडी नळीत आणि गोळ्यात बसतं ते हाऊसिंग.

मोटारींमध्ये बहुतेक करून ‘सेमी-फ्लोटिंग’ पद्धत असते. म्हणजे तोच शाफ्ट चाक फिरवतो आणि तोच गाडीचं वजनही पेलतो. दोन कामं, एक शाफ्ट. ट्रकमध्ये ‘फुल-फ्लोटिंग’ असतं: वजन हाऊसिंगच्या टोकावरचा हब पेलतो, शाफ्ट फक्त फिरवतो. सोलापूर रस्त्यावर बंद पडलेला ट्रक ओढून न्यायच्या आधी त्याचा एक्सल शाफ्ट बाहेर काढताना बघितलाय का? चाक जागेवर, ट्रक चाकांवर उभा, आणि माणूस हातभर लांब शाफ्ट ओढून बाजूला ठेवतो. हे फक्त फुल-फ्लोटिंगमध्येच जमतं. सेमी-फ्लोटिंगचा शाफ्ट काढला की चाक हातात येतं.

हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टायर हा फ्यूज असतो

लोक म्हणतात, “ताकद वाढवली म्हणून एक्सल तुटला.” अर्धवट खरं आहे. आकडे बघू. हे कुठल्या एका गाडीचे नाहीत, समजायला सोपे घेतलेत.

इंजिनचा टॉर्क 150 न्यूटन-मीटर. पहिला गिअर 3.5, मागचा रेशो 4.1. गुणाकार करा: साधारण 2,150 न्यूटन-मीटर मागच्या दोन चाकांना मिळून.

पण रस्ता तेवढं घेतो का? गाडी सुटताना मागच्या चाकांवर 650 किलो आहेत असं धरा. टायरची त्रिज्या 30 सेंटिमीटर, साध्या टायरची पकड 0.9. मग टायर जास्तीत जास्त 1,700 न्यूटन-मीटर पेलतो, त्यापुढे घसरतो. जागेवर फिरतो, धूर काढतो, पण एक्सलला वाचवतो. घरात शॉर्ट झाल्यावर फ्यूज उडतो आणि वायरिंग वाचतं, तसंच.

आता चिकट ड्रॅग टायर लावले. पकड 1.6 धरा. तोच हिशोब 3,000 च्या वर जातो. त्यात गाडी जोरात सुटली की वजन आणखी मागे सरकतं, म्हणजे पकड अजून वाढते. आणि क्लच एकदम सोडला की इंजिनच्या टॉर्कबरोबर फिरत्या फ्लायव्हीलचा धक्काही येतो. क्षणभरासाठी तो गुणाकारातल्या 2,150 च्या दुप्पटही होऊ शकतो.

म्हणजे इंजिनला हात न लावता, नुसते टायर बदलून, शाफ्टवरचा मार जवळजवळ दुप्पट झाला. फ्यूज काढून तिथे जाड तार लावल्यासारखं. मग पुढची सगळ्यात कमकुवत वस्तू जळणार. ती कोणती, हे तुम्ही ठरवलं नाही तर गाडी ठरवते.

माझा तुकडा

काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या कॉन्टेसाचं काम आम्ही केलं. मूळ शाफ्ट चिकट टायरला पुरणार नाहीत हे कळत होतं. म्हणून ठरवलं, नवीन शाफ्ट बनवू. ड्रॉइंग मी केलं. माल चांगला घेतला, ईएन-24. व्यास मूळपेक्षा मोठा. हीट ट्रीटमेंट करून घेतली. लेथवाल्याने ड्रॉइंगप्रमाणे काम केलं, मापात शंभरावा हिस्साही चूक नव्हती.

गाडी बरेच महिने छान चालली. मग एका मोकळ्या खासगी पट्टीवर सराव होता. तिसरी रन. गाडी सुटली, दुसरा गिअर पडला, आणि ‘टण्’ असा आवाज आला, देवळातल्या घंटेसारखा. उजवं मागचं चाक गाडीच्या पुढे निघून गेलं. त्याला फ्लँज, ब्रेकचा ड्रम आणि बोटभर शाफ्ट चिकटलेला होता. गाडी मागच्या कोपऱ्यावर बसली आणि ठिणग्या उडवत तिरकी थांबली. मित्र धडधाकट उतरला. चाक मात्र उड्या मारत कुंपणाकडे गेलं. पाच मिनिटांपूर्वी तिथे व्हिडिओ काढणारा एक मुलगा उभा होता. पाणी प्यायला म्हणून तो सावलीत आला होता, एवढंच.

त्या रात्री मी तुटलेला भाग पुसून दिव्याखाली धरला. तुटीचे दोन भाग स्पष्ट दिसत होते. एक मोठा भाग गुळगुळीत, मळकट, त्यावर पाण्याच्या लाटांसारख्या वक्र रेषा. दुसरा छोटा भाग खरखरीत आणि चमकदार. जे लोक हे काम करतात त्यांना हे वाचता येतं: गुळगुळीत भाग म्हणजे आठवडेच्या आठवडे हळूहळू वाढलेली चीर. चमकदार भाग म्हणजे शेवटच्या क्षणी तुटलेला. म्हणजे शाफ्ट त्या दिवशी तुटला नाही. तो कधीपासून तुटत होता.

चीर सुरू झाली होती बेअरिंगच्या खांद्यापाशी. शाफ्टचा व्यास जिथे एकदम वाढतो तिथे मी ड्रॉइंगमध्ये काटकोन दाखवला होता. बेअरिंग टेकून नीट बसावं म्हणून. त्या कोपऱ्याला गोलाई, म्हणजे रेडियस, द्यायची असते. ती मी लिहिली नाही, म्हणून लेथवाल्याने दिली नाही. चूक माझी.

कोपरा एवढा का महत्त्वाचा? सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट वजन पेलतो, म्हणजे तो किंचित वाकतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याची एक बाजू ताणली जाते, मग दाबली जाते. 60 सेंटिमीटर व्यासाचं चाक 100 किलोमीटरमध्ये साधारण 53 हजार फेरे घेतं. तार इकडून तिकडे वाकवून तोडतो ना आपण? तेच, अगदी थोडं थोडं, हजारो वेळा. आणि धारदार कोपऱ्यात तो ताण एकवटतो. तेवढ्यासाठी महागडं स्टील काही करू शकत नाही. उलट जास्त कडक केलेलं स्टील अशा खाचेला जास्त घाबरतं.

मग शाफ्ट कसा असावा?

पहिलं, व्यास. पीळ सहन करायची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. 28 मिलिमीटरचा शाफ्ट 32 केला तर ताकद दीडपट. 35 केला तर जवळजवळ दुप्पट. चार मिलिमीटर दिसायला काहीच नाही, पण फायदा मोठा.

दुसरं, माल. आपल्याकडे लेथवर सहज मिळणारा ईएन-8 हा साधा मध्यम कार्बनचा. ईएन-19 मध्ये क्रोमियम आणि मॉलिब्डेनम, ईएन-24 मध्ये त्यात निकेलही. मालाइतकीच हीट ट्रीटमेंट महत्त्वाची. बाहेरचा थर कडक आणि आतला गाभा चिवट, असा शाफ्ट पीळ खाऊन परत येतो.

तिसरं, घडण. इथून जवळ मुंढव्याला भारत फोर्ज आहे, 1961 मध्ये स्थापन झालेली कंपनी. ट्रकचे पुढचे एक्सल बीम आणि क्रँकशाफ्ट तिथे घडवले जातात, सळई कापून काढले जात नाहीत. कारण घडवताना धातूचे तंतू वस्तूच्या आकाराप्रमाणे वळतात. लाकडाचं उदाहरण घ्या: वाकलेल्या फांदीचा दांडा आणि फळीतून वाकडा कापलेला दांडा, दुसरा आधी मोडतो. फ्लँज असलेला एक्सल शाफ्ट शक्यतो घडवलेला घ्यावा, तो याचसाठी.

चौथं, जुना लांब शाफ्ट कापून त्यावर नवे दाते, म्हणजे स्प्लाइन, काढायचा मोह टाळा. मूळ शाफ्टचा वरचा थर कडक केलेला असतो. तिथे खोल कापलं की तो थर निघून जातो आणि दाते मऊ गाभ्यात येतात.

आणि पाचवं, कोपऱ्याला गोलाई. माझ्या ड्रॉइंगवर आता हे सगळ्यात वर, लाल पेनने असतं.

अमेरिकेत काय करतात, आणि आपल्याकडे काय जमतं

ड्रॅग रेसिंग तिकडे रुजलं. नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, एनएचआरए, 1951 पासून काम करते. तिकडे सगळ्यात लाडका एक्सल म्हणजे फोर्डचा 9 इंची, 1957 च्या गाड्यांपासूनचा. 9 इंच हा क्राऊनचा व्यास. पिनियनला पुढे दोन बेअरिंग तर आहेतच, पण आतल्या टोकालाही एक वेगळं बेअरिंग आहे, त्यामुळे जोर आला की पिनियन क्राऊनपासून लांब ढकलला जात नाही. शिवाय सगळा गोळा पुढून बोल्ट काढून बाहेर येतो, म्हणजे रेशो बदलणं सोपं. दुसरा म्हणजे डाना 60, क्राऊन 9.75 इंच, त्याहून दणकट आणि जड.

एनएचआरएचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. पाव मैल 10.99 सेकंदांत किंवा त्याहून लवकर जाणारी गाडी असेल, किंवा डिफरन्शियल लॉक केलेलं असेल, तर खास बनवलेले शाफ्ट आणि शाफ्ट धरून ठेवणारी रचना सक्तीची. काही मूळ एक्सलमध्ये शाफ्ट आतल्या बाजूला फक्त इंग्रजी ‘सी’ आकाराच्या छोट्या क्लिपने अडकलेला असतो. शाफ्ट कुठेही तुटला की बाहेरचा तुकडा चाकासकट निघतो. म्हणून ती क्लिप काढून शाफ्ट बाहेरच्या टोकाला, बेअरिंगपाशी पट्टीने बांधतात.

पण माझा शाफ्ट त्या बेअरिंगच्याही बाहेर तुटला. तिथे पट्टी वाचवत नाही. तिथे एकतर शाफ्टच चुकीशिवाय बनलेला लागतो, नाहीतर फुल-फ्लोटिंग हब. हबवाला एक्सल घेतला तर शाफ्ट तुटला तरी गाडी नुसती थांबते, चाक जागेवर राहतं.

आता आपल्याकडे. कॉन्टेसा 1984 ते 2002 बनली, पद्मिनी 2000 च्या आसपास थांबली, अ‍ॅम्बेसेडर 2014 मध्ये. या गाड्यांसाठी तयार रेसिंग एक्सल दुकानात मिळत नाही. मग जीपचा एक्सल भंगारातून आणून बसवणं हा नेहमीचा मार्ग. दणकट आहे, शंका नाही. पण चार गोष्टी मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. एक, फ्लँज ते फ्लँज रुंदी. दोन, चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ, जीपला ते मोठं असतं. तीन, डिफरन्शियलचा गोळा मध्यावर आहे का. काही जुन्या जीपमध्ये तो एका बाजूला असतो, मग प्रॉपेलर शाफ्ट तिरका येतो. चार, ब्रेक आणि हँडब्रेक कसे जोडणार.

हाऊसिंग कापून अरुंद केलं किंवा त्यावर ब्रॅकेट जोडले तर वेल्डिंगच्या उष्णतेने नळी वाकते. डोळ्याला दिसत नाही, बेअरिंगला कळतं. टप्प्याटप्प्याने, समोरासमोर, थोडं थोडं वेल्डिंग करायचं आणि शेवटी आत सरळ सळई घालून तपासायचं.

रेशो, डिफ आणि बाकीच्या गोष्टी

रेशो आकड्याने मोठा केला की गाडी झटकन सुटते. पण शेवटी काय होतं तेही बघा. 60 सेंटिमीटरचं चाक, शेवटच्या रेषेला 130 चा वेग, गिअर सरळ म्हणजे एकास एक. चाक मिनिटाला साधारण 1,150 फेरे घेतं. रेशो 4.1 असेल तर इंजिन 4,700 वर, 4.56 असेल तर 5,240 वर, 5.1 असेल तर 5,860 वर. इंजिनची खरी ताकद 5,300 ला संपत असेल तर 5.1 लावून तुम्ही शेवटचे पन्नास मीटर नुसता आवाज काढणार. शिवाय आकडा वाढला की पिनियन लहान होतो, दाते कमी, म्हणजे तोही कमकुवत.

साधं डिफरन्शियल ज्या चाकाला पकड कमी त्याला सुटू देतं. म्हणून लोक आतले गिअर वेल्ड करून टाकतात. स्वस्त आहे, खरं. पण ते गिअर कडक केलेले असतात, वेल्डला तडा जातो आणि तुकडा क्राऊन-पिनियनमध्ये अडकला तर मागची दोन्ही चाकं एकदम जाम. शिवाय लॉक केल्यावर एका चाकाखाली तेल किंवा माती आली तर सगळा मार दुसऱ्या एकाच शाफ्टवर. लॉक करायचंच असेल तर तयार स्पूल घ्या, गाडी फक्त पट्टीपुरती ठेवा, आणि शाफ्ट त्या हिशोबाने निवडा. रस्त्यावरही फिरवायची असेल तर लिमिटेड-स्लिप बरं.

क्राऊन-पिनियन बसवणं घाईचं काम नाही. दातांवर रंग लावून ठसा बघायचा, मधला मोकळेपणा बनवणाऱ्याने दिलेल्या मापात ठेवायचा, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागात. घुंग-घुंग आवाज आला तर “नवीन आहे, बसेल” म्हणू नका. बसत नाही, झिजतं.

सुटताना क्राऊनच्या उलट्या प्रतिक्रियेने हाऊसिंग पीळ खातं आणि पिनियनचं नाक वर उचलतं. पाट्यांच्या गाडीत पाटेच ‘एस’ आकारात वाकतात आणि मागचा भाग धडधड उड्या मारतो. ही उडी म्हणजे शाफ्टवर हातोडा. म्हणून ट्रॅक्शन बार लावतात आणि पिनियनचं नाक आधीच थोडं खाली ठेवतात.

आणि प्रॉपेलर शाफ्टभोवती लोखंडी पट्टीचं कडं. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक जमिनीत रुततं किंवा फ्लोअर फोडून आत येतं. या कड्याला खर्च किती? एका टायरच्या पाव किमतीतही होईल. पण राहतं तेच.

कायद्याचं एक मिनिट

रस्त्यावर शर्यत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 189 याचसाठी आहे. आणि कलम 52 प्रमाणे गाडी कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे असा बदल केलेली गाडी ट्रेलरवर पट्टीपर्यंत न्या आणि ट्रेलरवर परत आणा.

तर उत्तर काय?

ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना: दादा, ‘कोणता एक्सल’ हा तिसरा प्रश्न आहे. पहिला, माझ्या गाडीत फ्यूज कोण आहे? टायर, क्लच, की शाफ्ट? दुसरा, तो उडाला तर चाक गाडीलाच राहील का? या दोघांची उत्तरं मिळाली की तिसऱ्याचं आपोआप मिळतं.

पैसे मर्यादित असतील तर माझा क्रम असा: आधी शाफ्ट आणि चाक धरून ठेवणारी रचना, मग प्रॉपेलर शाफ्टचं कडं, मग हाऊसिंग आणि बार, मग डिफ, मग रेशो. चिकट टायर सगळ्यात शेवटी. आम्ही नेमकं उलट केलं होतं. आणि दर काही रननंतर शाफ्ट बाहेर काढून कोपऱ्यांवर चीर शोधणारं रंगाचं द्रावण मारून बघा. माझी चीर बरेच दिवस तिथे होती, मी बघितलं असतं तर दिसली असती.

तो तुकडा मी भंगारात दिला नाही. कुणी ड्रॉइंग घेऊन आलं की आधी तो हातात देतो.

पुढच्या भागात क्लच घेऊ. तुमचे प्रश्न पाठवत राहा. आणि पट्टीवर गाडी बघायला गेलात तर चाकांच्या रेषेत उभे राहू नका. एवढं ऐकाच. भेटू.